डबा झोपतो तेव्हा

"डबा झोपला," चेतननं खिडकीतून शेजारच्या पायलला वर्दी दिली. "आता चारपर्यंत नेट नाही."

दुपारचा एक वाजला की आबाजी, म्हणजे चेतनचे आजोबा नत्थूजी, इंटरनेटच्या डब्याचं बटण बंद करत. आबाजींनी चाळीस वर्षं हातमाग चालवला होता. मे महिन्यात नागपूरची हवा अशी कोरडी पडते, की भरदुपारी सूत सारखं तुटतं. म्हणून तेव्हा माग थांबवायचा आणि जरा आडवं व्हायचं. हुडकेश्वरच्या या नव्या घरात माग नव्हता, पण सवय कुठे जाते? "मागाले आराम देत होतो, मग याले काहून नाही? पाहा, कसा तापून राहिला बिचारा," असं म्हणत ते डब्यावरून हात फिरवत आणि चटईवर डोळे मिटत.

सावनेरहून सुट्टीला आलेल्या हिमानी आणि चेतन या भावंडांना ही दुपार फार आवडायची. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, पडद्यातून गाळून येणारा हिरवट उजेड, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं संथ होई. पण यंदा अंजूआत्या तीन दिवस गप्प होती, आणि त्यामुळे सुट्टीची सगळी मजाच गेली होती.

तिनं दोन वर्षं उमरेडपासून नागपूरपर्यंत विणकरांची घरं पालथी घालून जुन्या साड्यांच्या काठांचे फोटो काढले होते. कॉलनीच्या वाचनालयानं ते आपल्या वेबसाइटवर लावले. आणि मंगळवारी दुपारी ते सगळेच्या सगळे पुसले गेले. वेबसाइटचा पासवर्ड सगळ्यांना मिळून एकच, त्यामुळे कोणी पुसले ते कळेना. सोमवारीच फोटोंच्या मांडणीवरून तिचं आणि वाचनालयाचे सचिव आनंदराव यांचं वाजलं होतं. त्यांनी वेबसाइटची नोंद काढली: वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, आयपी ॲड्रेसच्या, म्हणजे नेटवरच्या घर नंबराच्या, शेवटी एकशे सतरा. कॉलनीला इंटरनेट देणाऱ्या भूपेशला फोन लावला. तो म्हणाला, हा तर नत्थूजींच्या घरचा नंबर. झालं! अंजूनं रागाच्या भरात पुसले, असं ठरून गेलं. आज शुक्रवारी संध्याकाळच्या बैठकीत तिचं काम काढून घेणार होते.

"फोटो माझ्याजवळ आहेत, पुन्हा चढवता येतील," आत्या भिंतीकडे बघत म्हणाली. "पण ज्या बायांनी भरवशानं पेट्या उघडून माझ्यासमोर साड्या उलगडल्या, त्यांले काय सांगू? मले कोण घरात घेईन आता?"

हिमानी आत्याजवळ जाऊन लवंडली. कूलर घुमत होता. तिचा डोळा लागला.

स्वप्नात गल्लीतल्या घरांच्या नंबरपाट्या भिंतींवरून हळूच उतरल्या. सगळे झोपलेले पाहून त्या उन्हातून चालू लागल्या, आणि जिला जे दार आवडलं तिथे जाऊन बसली. हिमानीच्या दारावर मात्र एकही पाटी उरली नाही.

ती दचकून उठली. समोर डब्याचे दिवे विझलेले होते. ती त्यांच्याकडे बघतच राहिली आणि मग धावत पायलच्या घरी गेली.

"पायल, मंगळवारी दोन वाजता आमचा डबा बंद होता."

पायल आठवीत होती आणि तिला कॉम्प्युटरमधलं बरंच कळायचं. तिनं चष्मा वर सरकवला. "मग तुमच्या डब्यातून पुसलं कसं? मोबाइलच्या नेटवरून पुसलं असतं, तर नंबर भलताच दिसला असता."

"नंबर फिरायला गेला असेल," हिमानी म्हणाली आणि स्वतःच चमकली.

चेतनला घेऊन तिघं आबाजींपाशी गेली. "आबाजी, डब्याले पाच मिनिटं उठवू?" हिमानीनं विचारलं.

"उठव. पण हळू," आबाजी डोळे न उघडता म्हणाले.

डबा चालू केला. पायलनं आत्याच्या कॉम्प्युटरवर पाहिलं: शेवटी एकशे बेचाळीस. चेतननं तो तळहातावर लिहिला. पुन्हा डबा बंद केला आणि तिघं चटईवर पडून राहिली. वेळ जाता जाईना. चार वाजता डबा पुन्हा जागा झाला. आता शेवटी होतं एकशे नऊ.

"बदलला," चेतन कुजबुजला.

भूपेशचं दुकान वळणावरच होतं. तिथवर पोचेपर्यंत उन्हानं तिघांचे चेहरे लाल झाले.

"बदलनच नं," दोन्ही नंबर ऐकून भूपेश हसत म्हणाला. "वाचनालयानं कायमचा नंबर मागून घेतला आहे. तो स्टॅटिक, कधी बदलत नाही. तुमच्या घरचा डायनॅमिक. दवाखान्यातलं टोकन असते नं, तसा. डबा बंद केला की टोकन परत. मग ज्याचा डबा चालू होईन, त्याच्या हाती."

"मग मंगळवारी दोन दहाला एकशे सतराचं टोकन कोणाच्या हाती होतं?" हिमानीनं विचारलं.

भूपेशचं हसू मावळलं. "मी मंगळवारची सकाळची यादी पाहून सांगितलं होतं वं. घाईत होतो." त्यानं नोंद उघडली, वाचली, आणि घटाघटा पाणी प्यायला. "कोणाचं घर, ते मी पोरांले सांगू शकत नाही. पण बैठकीत येतो."

सहा वाजता वाचनालयात आनंदराव ठराव वाचायला उभे राहिले. अंजूआत्या शेवटच्या खुर्चीवर मान खाली घालून बसली होती. हिमानीनं हात वर केला आणि डब्याची सगळी हकिकत सांगितली. चेतननं आपला शाईचा तळहात सगळ्यांना दाखवला.

मग भूपेश पुढे झाला. "नंबर सकाळी नत्थूजींकडे होता, दुपारी नव्हता. दुपारी ज्या घरी होता, त्याच्या मालकानं हो म्हटलं तरच नाव सांगीन." आणि तो आनंदरावांच्या कानाशी वाकला.

आनंदरावांचा चेहरा उतरला.

"मोठ्यानं सांग," ते म्हणाले.

"एक छप्पनला तुमच्या घरचा डबा चालू झाला, काका. एकशे सतरा तुम्हाले मिळाला."

"वाचनालय बंद करून घरी गेलो, जेवलो," आनंदराव एकेक शब्द आठवत बोलले. "एक फोटो पुसट होता, तो काढायचा होता. कॉम्प्युटरपुढे बसलो अन् डुलकी लागली. हात कुठे पडला, काय दाबलं गेलं, मले काहीच आठवत नाही."

कोणी हसलं नाही. नागपुरातल्या दुपारची डुलकी सगळ्यांच्याच ओळखीची होती. "आम्ही मोठ्यांनी साधं विचारलंही नाही," कोणीतरी म्हणालं, "अन् पोरांनी शोधून काढलं. शाबास रे." आबाजींनी तिघांच्या पाठीवर थाप मारली आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

आनंदराव शेवटच्या खुर्चीपर्यंत चालत गेले. त्यांनी हात जोडले.

"अंजू, मी चुकलो. नुसतं इथे म्हणून भागणार नाही. ज्या ज्या घरी तू साड्या पाहिल्या, त्या प्रत्येक घरी मी तुझ्यासंग येतो. पुसणारा मीच होतो, हे माझ्या तोंडानं सांगतो. उद्यापासून निघू."

अंजूआत्यानं मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती.

"प्रत्येक घरी चहा घ्यावा लागन, काका," ती म्हणाली. "नाही म्हटलेलं चालत नाही त्यांले."