लाभ, दोन, तीन

अडुसष्ट सालच्या डिसेंबरातला एक रविवार. तळेगावच्या एका कारखान्यातल्या सहा हौशी मंडळींनी पुण्याहून सहा कयाक मागून आणल्या होत्या. एकेका माणसाच्या लांबट, निमुळत्या होड्या. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं. सकाळी इंद्रायणीत उतरायचं आणि दुपारी इंदुरीला भाकरी खायची, एवढाच बेत. वाट दाखवायला त्यांनी नदीकाठच्या वाडीवरच्या कोंडू नावाड्याला धरलं.

होड्या बघून कोंडू पोट धरून हसला. "ह्या व्हय होड्या? वालाच्या शेंगा दिसत्यात जनू!"

"शेंगा तर शेंगा, कोंडूभाऊ," मंडळींचा म्होरक्या गोरख म्हणाला. "सगळ्यांना सुखरूप न्या म्हणजे झालं."

झालं! कोंडूचं हसू तिथंच विरलं. दोन वर्षांपूर्वी भर आषाढात त्याची आणि त्याच्या थोरल्या भावाची, कान्हूची, नाव खापरडोहापाशी उलटली होती. नावेत बाजारकरी अकरा. कोंडूनं एकेकाला ओढून काठावर घातलं आणि मोजलं, तर अकराच्या अकरा! बिचारा आनंदानं नाचायचाच बाकी राहिला. नावाड्याला मोजणीत धरायचं नाही, ही त्यांची वाडवडलांपासूनची रीत. कान्हू मोजायचा राहिलाय हे ध्यानात येईतो पाण्यानं त्याला नेलं होतं. देहसुद्धा हाती लागला नाही. तेव्हापासून कोंडूच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता. आज पहिल्यांदाच तो त्या डोहावरून माणसं न्यायला तयार झाला होता, आणि एकही माणूस मागं राहू द्यायचं नाही असं त्यानं मनाशी घट्ट धरलं होतं.

म्हणून निघण्याआधी त्यानं सगळ्यांना मोजणी शिकवली. धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात, तशीच.

"मी माज्या होडीत म्होरं ऱ्हानार. मी लाभ म्हनलो की हिराताईनी दोन म्हनायचं, त्यांच्या मागच्यानं तीन. समद्यात शेवटी गोरखभाऊ, सात. आकडा तुटला की जागच्या जागी थांबायचं."

"आणि गणितात नापास झालो तर?" कारखान्याच्या शाळेतली मास्तरीण हिरा म्हणाली. सगळे खळखळून हसले.

पहिला तास मजेत गेला. मग वळणावर धुकं उतरलं, आणि उतरलं म्हणजे किती! कोंडूला स्वतःच्या होडीचं टोक दिसेना. कुजक्या शेवाळाचा वास नाकात भरला. पुढं कुठंतरी पाणी घोंघावत होतं. खापरडोह आला होता. तिथं एका अंगाला घोंघावतं पाणी आपटणारा, बोटभरही वाट नसलेला कातळ, दुसऱ्या अंगाला संथ पाणी. पण आवाज चहूकडून येत होता. डावं कुठलं न् उजवं कुठलं, कोंडूला काही उमगेना. मागं सहा जीव.

मोजणी घ्यावी म्हणून त्यानं तोंड उघडलं. तो बोलायच्या आत पुढून, धुक्यातून हाक आली.

"लाऽऽभ..."

"दोन!" मागून हिरा. "तीन!" "चार!" अशी पार सातापर्यंत मोजणी गेली.

कोंडूच्या अंगावर सर्रकन काटा आला. शब्द असा लांबवणारा माणूस त्यानं जन्मात एकच पाहिला होता. 'दादा...' त्याचे ओठ हलले, पण आवाज बाहेर पडला नाही.

"लाऽऽभ..." आता हाक डावीकडून आली. पुन्हा मागं दोनापासून सातापर्यंत आकडे. कोंडूनं डोळे मिटले आणि होडी त्या आवाजाकडं वळवली. घोंघाट उजव्या हाताला सरकला, जवळून गेला, मागं पडला. मोजायचा राहून गेलेला भाऊ आज स्वतःच पहिला आकडा घेऊन पुढं चालला होता. कोंडूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. वाहणार नाही तर काय हो!

इंदुरीच्या काठाला धुकं थोडं विरळ होतं. कोंडूनं एकेकाला हाताला धरून वर घेतलं आणि खांद्याला हात लावून मोजलं. सहा. सातवा हात त्यानं स्वतःच्या छातीला लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला.

"भाऊ, तुमच्या हाकेमागं आलो म्हणून वाचलो," हिरा म्हणाली. कोंडूनं नुसती मान हलवली.

गोरख मात्र पांढराफटक पडला होता.

"कोंडूभाऊ... तुम्ही सगळ्यांच्या पुढंच होतात ना?"

कोंडूनं होकाराची मान हलवली.

"मग मी सात म्हटलं की माझ्या मागून... 'आठ' कोण म्हणत होतं? दोन्ही खेपांना. मला वाटलं, भास असेल. पण आवाज तुमचाच होता, भाऊ... फार दमलेला. तुम्ही होतात का मागं?"

'न्हाई' म्हणायला कोंडूनं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज फुटला नाही. त्यानं पुन्हा जोर केला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, तरी नाही. खापरडोहापासून आपल्या तोंडून एकही शब्द निघालेला नाही, हे त्याला आत्ता उमगलं.

आणि वरच्या अंगाला, खापरडोहाकडल्या दाट धुक्यातून, कोंडूच्याच आवाजात सगळ्यांना ऐकू आलं...

"गोरखभाऊ... थांबा वाईच. मी हितं मागं ऱ्हायलोय..."