हाडाच्या आकाराचा समुद्र

पद्मजाच्या जेवणाच्या टेबलावर मांडीचं हाड आडवं ठेवलं होतं. काचेचं, आतून पोकळ, आणि त्या पोकळीत समुद्र. आता इचलकरंजीत कुठला आलाय समुद्र? पिशवीतलं मीठ शुद्ध पाण्यात कालवून तो घरीच केलेला. हाडाच्या टोकांशी पाणी साचलं की कुजतं, म्हणून तिथे दोन चिमुकले पंप गुरगुरत होते.

ही टाकी म्हणजे तिच्या लेकीच्या, श्रुतीच्या डाव्या मांडीचा साचा. गाठीमुळे तिचं हाड काढावं लागलं आणि अकरा वर्षांची पोर कुबड्यांवर आली. प्रयोगशाळेत घडवलेलं हाडपोवळं या साच्यात वाढणार, साचा भरला की डॉक्टर ते पायात बसवणार, आणि शरीर त्याला हळूहळू आपलंसं करणार. एवढ्या टाक्या सांभाळायला रुग्णालयात जागा नाही, म्हणून ज्याचं हाड त्याच्या घरी.

श्रुतीच्या आत्या, आक्का, जैन नेमधर्माच्या कडक. दिवस मावळल्यावर घोटभर पाणीसुद्धा नाही. पण पोवळं म्हणजे अंगठीतला खडाच की, त्यात कुठला जीव, म्हणून त्यांनी हरकत घेतली नव्हती.

कालच पोवळ्याचं बियाणं लावलं होतं. तांदळाच्या कण्यांएवढी तोंडं फुलून पाण्यात डोलत होती. आज सकाळी श्रुतीने हाक मारली, "आई, हे मिटलंय."

पद्मजा धावली. सगळी तोंडं आत ओढलेली, वर शेंबडासारखी तार सुटलेली. तिने खारटपणा मोजला, ठीक होता. पाण्याची ऊबही ठीक. हे बियाणं गेलं तर दुसरं वर्षाने मिळणार, आणि वाढत्या वयात तोवर पाय कायमचा आखूड राहणार, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तिने प्रयोगशाळेतल्या केतकीला फोन लावला.

"पाण्यात काय घातलंत?" केतकीने थेट विचारलं.

"काही नाही."

"ताई, नीट आठवा. ते विष लागल्यासारखं दिसतंय."

दारात उभ्या आक्का हळूच म्हणाल्या, "म्या गंधोदक घातलं. देवाच्या अभिषेकाचं. पोरीचा पाय लवकर यिऊ दे म्हणून. चमचाभरच गं."

"कशात ठेवलं होतं?" केतकीने फोनवरूनच विचारलं.

आक्कांनी देवघरातून वाटी आणली. तांब्याची. दूध-दह्याचा अभिषेक, रात्रभर त्यात आंबलेला.

"आंबटात तांबं उतरतं," केतकी म्हणाली. "आपल्याला थोडंसं चालतं, पोवळ्याला मरण. पाणी बदला, पण थेंबाथेंबाने. एकदम बदललंत तर त्या धक्क्यानेच जाईल. मी तांबं शोषणारी पुडी पाठवते."

पद्मजा घाईने नवं पाणी कालवू लागली. मीठ सांडलं. "आक्का, विचारायचं तरी होतं," ती ओरडली, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. पाणी गाळायचं सुती फडकं फाडून आक्कांनी वात वळली, तिचं एक टोक नव्या पाण्यात बुडवलं आणि दुसरं टाकीवर धरलं. थेंब पडू लागले. पद्मजा तळातलं पाणी नळीने काढत राहिली. पुडी आली, ती पंपाशी बांधली. जेवणाची वेळ टळून गेली. आक्का जागच्या हलल्या नाहीत.

उन्हं कलली तेव्हा श्रुती काचेला नाक लावून बसली होती. "आत्या, एकाने तोंड उघडलं."

मग दुसरं. मग कडेची सगळी रांग. पद्मजा पदरात तोंड घालून रडली.

आक्का मात्र टाकीकडे बघतच राहिल्या. "तोंड?" त्या म्हणाल्या. "म्हणजे ह्यो खडा न्हाई? जीव हाय?"

"पायात बसवायच्या आधी याचं काय करणार?" श्रुतीने विचारलं.

पद्मजाला खोटं बोलता आलं नाही. "वाळवणार. जिवंत बसवता येत नाही, बाळ." मग हट्टाने म्हणाली, "मला तुझा पाय पाहिजे. बाकी काही मला कळत नाही."

बाहेर अंधारून येत होतं. आक्कांनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. शेजारचा पेला तसाच होता. त्यांच्या हातातली वात अजून ठिबकत होती. ती सोडावी की धरून ठेवावी, हे त्यांना ठरवता येईना.

श्रुतीने काचेवर बोट ठेवलं. आतली तोंडं तिच्या बोटाच्या सावलीकडे वळली.

"मग आज आपण दिवसभर कुणाला वाचवलं, आई?" ती म्हणाली. "मला, का याला?"