अडकलेल्या झाडापलीकडे

दोर गाडीत राहिला होता, म्हणून मी तो आणायला गेले. त्या दुपारी माझ्या हातून झालेलं काम एवढंच.

जंगल विकणार का, असं तुम्ही विचारलंत. नाही म्हणून दार लावून घेता आलं असतं. पण तुम्ही लांबून आला आहात, दोघं आहात, आणि फाटकातून आत पाहताना तुमच्या बायकोचा चेहरा जसा उजळला, तसाच पाच वर्षांपूर्वी माझाही उजळला होता. म्हणून बसा. दिवा जरा पुढे घ्या, सांगते.

माझा नवरा पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होता, मी शाळेत गणित शिकवायचे. मूलबाळ नाही. लोक उतारवयात फ्लॅट घेतात, आम्ही झाडं घेतली. नणंद म्हणाली, "वहिनी, दादाला वेड लागलंय ते समजू शकते. तुला काय झालंय?" मला काही झालं नव्हतं. मला ती झाडं आवडली होती, इतकंच.

कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी ती दाटीवाटीने लावली आणि मग वळून पाहिलं नाही. सगळी उंच, किडकिडीत, उजेडासाठी एकमेकांच्या उरावर बसलेली. असं जंगल सांभाळायचं म्हणजे विरळणी करायची. दर हिवाळ्यात दुबळी झाडं निवडायची, त्यांच्यावर पांढरा पट्टा ओढायचा आणि ती काढायची, म्हणजे उरलेल्यांना आभाळ मिळतं. हे प्रत्येक झाडापुढे ब्रश घेऊन उभे राहायचे. "बोला बाई, पास की नापास?" पोरांचे पेपर तपासतानाही मी इतकी कधी अडखळले नव्हते.

जुने मालक सत्तरीचे, एकटे गृहस्थ. व्यवहार झाला त्या दिवशी त्यांनी फाटकाची किल्ली दिली, हद्दीचे दगड दाखवले आणि शेवटी दोन लाकडी हातोडे हातात ठेवले.

"आत गेल्यावर एकमेकांना तोंडाने हाका मारायच्या नाहीत," ते म्हणाले. "खोडावर ठोके द्यायचे. एकाने दोन, दुसऱ्याने उलट तीन."

"का हो?"

"या झाडीत आवाज फिरतो. कुठून आला ते कळत नाही. ठोका फिरत नाही."

हे लगेच म्हणाले, "आमच्याकडे तसंही तोंडाने सांगून कोणी ऐकत नाही." मालक हसले नाहीत. वय झालं की माणूस हट्टी होतो, असं आम्ही परतताना गाडीत बोललो.

तरी चार हिवाळे आम्ही ठोके पाळले. हे चेनसॉ थांबवून कानावरचं झाकण काढायचे आणि दोन ठोके द्यायचे. मी लांबून तीन द्यायचे. कामाची लयच होऊन गेली होती ती. पाचव्या हिवाळ्यात एका सुतारपक्ष्याने फाटकाजवळच्या वठलेल्या झाडात घर केलं आणि सगळा घोळ सुरू झाला. यांनी दोन ठोके द्यावेत आणि माझ्याआधी त्यानेच उत्तर द्यावं. एकदा मी विळा लागून अंगठा धरून बसले होते आणि हे खुशाल कापत राहिले. त्यांना तीन ठोके मिळाले होते ना! संध्याकाळी माझा हात बांधताना म्हणाले, "तो मेला सुतार तुझी जागा घेतोय. उद्यापासून सरळ हाका मारू. आवाज फिरला तर फिरला, तुझा आहे एवढं तरी कळेल."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर तसं आधी मीच म्हणाले होते.

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. ओल्या भुशाचा आणि राळेचा वास खाली जमिनीलगत साचून राहिला होता. दुपारी यांनी एक झाड कापलं आणि ते खाली न येता शेजारच्या झाडाच्या फांद्यांत अडकलं. असं झाड फार वाईट. कापलेलं असतं, पण पडलेलं नसतं. तासभर तसंच राहील, आठवडाभर राहील, नाहीतर तुम्ही शिंकलात तरी येईल. त्याच्याखालून जायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. लांब उभं राहून दोराने ओढून पाडायचं. हे नियमांचे पक्के होते. घरी गॅसचा नॉब तीनदा पाहणारा माणूस. ते झाडापासून दूर एका ओंडक्यावर बसले, थर्मासमधला चहा ओतला आणि म्हणाले, "दोर आणि कप्पी आण. तोवर हा साहेब आणि मी एकमेकांकडे बघत बसतो."

गाडी खाली रस्त्याला होती. मी दोर खांद्यावर टाकून परत फाटकाशी आले तेव्हा आतून यांचा आवाज आला.

"काय गं?"

मला वाटलं, माझी चाहूल लागली. उत्तर देणार, तोच ते पुन्हा म्हणाले, "कुठे?"

आणि मग आतून, पलीकडच्या बाजूने, शांतपणे...

"अहो, इकडे या जरा..."

आपला आवाज आपल्याला बाहेरून ओळखता येत नाही म्हणतात. मला आला. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या रेकॉर्डिंगमध्ये मी तो ऐकला होता. तोच किंचित चिरका, शेवटचा शब्द ओढणारा. घाई नव्हती त्यात, भीती नव्हती. स्वयंपाकघरातून डबा काढून द्यायला बोलवावं, तसा.

"आलो," हे म्हणाले. "आलो, थांब."

मी ओरडायला हवं होतं. हे मी रोज स्वतःला सांगते, तुम्ही सांगायची गरज नाही. मी ओरडले नाही. मी धावले. तो आवाज अडकलेल्या झाडाच्या पलीकडून येत होता आणि हे सरळ त्याच्या दिशेने गेले. नियम पाळणारा माणूस, पण बायको बोलावते आहे म्हटल्यावर त्याला नियम कुठले? आधी फांद्या तुटल्याचा आवाज झाला. मग जमीन हलली.

ते पाच-सात मिनिटं होते. कमरेखाली बघण्यासारखं नव्हतं, मी बघितलं नाही. त्यांनी माझा हात धरला. माझ्या खांद्यावर दोर तसाच होता. त्याच्याकडे ते बघत राहिले.

"तू... पलीकडून बोलावलंस ना?"

मी म्हणाले, "हो."

काय सांगायला हवं होतं? ती मी नव्हते, असं? त्या शेवटच्या घटकेला?

अपघात म्हणून नोंद झाली. तेराव्या दिवशीही फोन करून लोक चेनसॉ किती धोकादायक असते ते समजावत होते. जुने मालक मात्र स्वतः आले. या खुर्चीवर बसले, पाणीही घेतलं नाही.

"ठोके देत नव्हतात ना?"

मी सुतारपक्ष्याचं सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझा धाकटा भाऊ माझ्या आवाजामागे गेला. तिथे विहीर होती, नंतर मी बुजवली. तो गेला तेव्हा मी घरी जेवत होतो."

"तुम्ही हे आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत?"

त्या क्षणी त्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं. मी काढलं नाही. त्यांच्याशिवाय हे कोणाशी बोलणार होते मी?

"यांचा... आवाज ऐकू येईल का हो तिथे?" मी विचारलं.

"नाही." त्यांनी फार हळू सांगितलं. "ते जिवंत माणसांचाच आवाज काढतं. गेलेल्यांचा त्याला जमत नाही. मी अकरा वर्षं फाटकाशी उभा राहिलो, ताई. भावाचा आवाज एकदाही आला नाही. तुम्ही वाट बघू नका."

मी वाट बघत नव्हते. दर रविवारी जायचे ती फाटकाचं कुलूप तपासायला, चोरटी तोड होऊ नये म्हणून. आत पाऊल टाकत नव्हते. दुसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, मी कुलूप ओढून पाहत होते.

"आलो," आतून आवाज आला. "आलो, थांब."

यांचा आवाज. दमलेला, पण कुरकुर न करणारा.

मी कितीतरी वेळ गज धरून उभी होते. गेलेल्यांचा आवाज त्याला जमत नाही, हे मला माहीत होतं. मग मागे उरलं एकच. ते खरंच तिथे होते. अजून माझ्याकडेच यायला निघालेले.

त्या दिवशी जे ओरडले नव्हते, ते मी तेव्हा ओरडले. "अहो! इकडे! फाटकाशी या, मी इथे आहे!"

आत पावलं थांबली. वाळलेल्या पानांवरची पावलं थांबली तर कळतं. आणि मग झाडीच्या पार आतून माझाच आवाज, मुळीच न ओरडता, म्हणाला,

"अहो, इकडे या जरा..."

ते दोन्हीकडे बघत असतील.

"आलो," ते म्हणाले. पावलं पुन्हा सुरू झाली, माझ्यापासून दूर.

तेव्हापासून मी दर रविवारी बोलावते. कधी रागावून, कधी त्यांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगून. लग्नानंतरचं पहिलं भांडण सांगितलं. आतल्या आवाजाने त्याच भांडणाचा शेवट सांगितला, बरोबर सांगितला. ते दर वेळी थांबतात. दर वेळी तिकडेच वळतात. मग त्यांचा आवाज मागच्या रविवारपेक्षा थोडा लांबून येतो, आणि तो ऐकायला मला कान द्यावे लागतात.

म्हणून विकत नाही. तुम्ही झाडं तोडाल, घर बांधाल, आणि मी कुठे उभी राहून बोलावू? तुम्ही दोघं दुसरीकडे बघा. पुष्कळ मिळतील.

हद्दीच्या या दगडापासून त्या दगडापर्यंत मी स्वतः मोजलं आहे. रमतगमत गेलं तरी सहा मिनिटं लागतात. पलीकडे उघडं माळरान आहे, तिथे लपायला झुडूपही नाही.

आठ महिने झाले, ते अजून आतच चालताहेत.