वंगदादांच्या टेबलावरची मेमरी

ही घटना शंभर टक्के खरी आहे. जिच्या बाबतीत घडली, तिने मला ती पोटच्या पोराची शपथ घेऊन सांगितली.

तिला मूल नाही. पण शपथ घेताना तिचा आवाज कापत होता, हे मी स्वतः ऐकलंय.

तैपेईला लागून असलेलं चोंगह. कारखान्यांच्या इमारतीचा पाचवा मजला. कॉम्प्युटरची मेमरी तपासून पाकिटात भरणारी एक लहानशी कंपनी. चिनी पंचांगातला सातवा महिना चालू होता. या महिन्यात भुतांना मोकळीक असते. कर्मचाऱ्यांना नसते.

आणि वेळ... दुपारची साडेबारा.

हो, दुपारची. त्या ऑफिसात रोज साडेबाराला दिवे मालवतात आणि तीसच्या तीस माणसं टेबलावर डोकं टेकून तासभर झोपतात. झोप आली नाही तरी डोकं टेकायचं. तशी पद्धतच आहे.

त्याच झोपेत, दोन महिन्यांपूर्वी, वंगदादा गेले.

एकोणीस वर्षं ते मेमरी तपासत होते. त्या दिवशी दीडला दिवे लागले, सगळे उठले, दादा उठले नाहीत. शेजारच्या यू-फनने त्यांच्या कोपराशी मेमरीच्या आणखी चार पट्ट्या ठेवल्या. "दादा, एवढ्याही बघून टाका." दादा काही बोलले नाहीत. तिला राग आला. तीन वाजता श्ये साहेब आले आणि पाठीमागे उभं राहून त्यांनी दादांना तीन मिनिटं झाडलं. दादांनी ऐकून घेतलं. ते नेहमीच ऐकून घ्यायचे, म्हणून कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

पावणेपाचला कळलं.

तर, सातव्या महिन्यातला तो सोमवार. गुरुवारी तीन वाजता मोठं गिऱ्हाईक माल बघायला येणार होतं. पाकिटावर छापलेला वेग होता सहा हजार. इतर सगळ्या टेबलांवर मेमरी सहा हजारनेच पळत होती.

वंगदादांच्या टेबलावर तीच पट्टी लावली की...

चार हजार आठशे.

"साहेब, ते टेबल हलवू या का?" यू-फनने विचारलं.

"हलवलं की रिकामी जागा दिसेल. रिकामी जागा दिसली की लोक विचारतात, इथे कोण बसायचं." साहेबांनी चहाचा घोट घेतला. "हे बघ, सात वर्षं तू हंगामी आहेस. तुझी नेमणूक पक्की करायचा कागद माझ्या खणात आहे. गुरुवारी त्या टेबलावर सहा हजार दिसले, तर सही. नाही दिसले, तर शुक्रवारी यायची तसदी घेऊ नकोस."

यू-फन कामाला लागली.

पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोकं खोडरबरने पुसली. खाचा बदलल्या. वेग वाढवायची सेटिंग बंद करून पुन्हा चालू केली. विजेचा दाब किंचित वाढवला. शेवटी अख्खा बोर्ड बदलला. दर वेळी पडदा काळा व्हायचा, मशीन मिनिटभर आपल्याशीच विचार करायचं, आणि मग...

चार हजार आठशे.

मग तिचं लक्ष मशीनवरच्या पुडीकडे गेलं.

इथे प्रत्येक यंत्रावर खाऊची हिरवी पुडी ठेवतात. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. पुडी फोडायची नाही, आणि तारीख उलटायच्या आत बदलायची. शिकलेसवरलेले इंजिनियरही यात चूक करत नाहीत. दादांच्या मशीनवर मात्र पिवळी पुडी होती. पिवळी, पैसा यावा म्हणून, दुकानाच्या गल्ल्यावर ठेवतात.

"साहेब, ही पिवळी कुणी ठेवली?"

"मी. दादांची जुनी झाली होती. हिरवी मिळाली नाही."

"पण पिवळी..."

"त्याला कुठे रंग कळतो."

त्याला म्हणजे मशीनला की दादांना, हे यू-फनने विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी तिने स्वतः हिरवी पुडी आणून ठेवली. हात जोडले. साडेबाराला दिवे मालवले गेले. तिने डोकं टेकलं.

तीस माणसांचे श्वास. मशीनमधल्या पंख्यांची घरघर.

मग एक पंखा थांबला.

शेजारचा.

आणि... टिक. टिक. टिक.

मधल्या बोटाच्या नखाने टेबलावर ठोका. पडदा काळा असेपर्यंत दादा असेच ठोके मोजत बसायचे. म्हणायचे, "घाई करू नकोस गं, मेमरीला तिचं मोजू दे."

यू-फनने डोकं उचललं.

खुर्चीत कुणी नव्हतं.

हिरवी पुडी मात्र चपटी पडली होती. एका टोकाला धरून तिने ती हलवली. आत काहीच नव्हतं. दोन्हीकडची चिकटपट्टी शाबूत. एक भोकसुद्धा नाही.

पडद्यावर आकडा होता... सहा हजार.

तिला रडू आलं. भीतीने की नेमणुकीच्या आनंदाने, ते तिला आजही सांगता येत नाही.

दीडला दिवे लागले. श्ये साहेब चालत आले. ते टेबलापाशी पोचले आणि तिच्या डोळ्यांदेखत आकडा उतरला.

चार हजार आठशे.

तिने सगळं सांगून टाकलं. ठोके, पुडी, सगळं. साहेब हसतील असं तिला वाटलं होतं. साहेब हसले नाहीत. ते रिकाम्या खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले. बरोबर त्या दिवशीच्याच जागी.

"वंग," ते म्हणाले. आवाजही तोच. "तीन वाजता पाहुणे आहेत. मला नाटकं नकोत. एकोणीस वर्षं तुला सांभाळून घेतलं. त्या दिवशी तुझे चाळीस नग राहिले होते, ते कुणी केले? या पोरीने. आता निदान तिच्या पोटावर पाय देऊ नकोस."

"साहेब, नका ना असं बोलू," यू-फन म्हणाली.

"तू गप्प बस. याला असंच बोलावं लागतं."

पडदा काळा झाला.

टिक. टिक.

मग टिकटिकटिकटिक... घाईघाईने. मोजण्याचा ठोका नव्हता तो. घाबरलेल्या माणसाचा होता.

सहा हजार.

कीबोर्डच्या अलीकडे टेबलावर गालाएवढा ओला डाग उमटला होता. यू-फनने बोट लावलं. कोमट होता.

"बघितलंस?" साहेब म्हणाले. "पुडीचा खर्च उगाच केलास."

तीन वाजता गिऱ्हाइकाकडून झान नावाचे गृहस्थ आले. एसीखाली आहे म्हणून त्यांनी नेमकं तेच टेबल निवडलं. दोन तास आकडा जागचा हलला नाही. संध्याकाळी साहेबांनी कागदावर सही केली आणि यू-फनला म्हणाले, "आजपासून हे टेबल तुझं."

ती आता तिथेच बसते. दुपारी दिवे मालवले की बाकीची एकोणतीस माणसं डोकं टेकतात, ती टेकत नाही. अंधारात ताठ बसून राहते. कधीकधी तिच्या मनगटाखालून, लाकडाच्या आतून... टिक. साहेब जवळून गेले की भरभर. ती जागा बदलून मागत नाही. आवाज आला की पुटपुटते, "दादा, झालं. आता घरी जा." दादा जात नाहीत. साहेबांनी त्यांना जा म्हटलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी झान यांना लिफ्टपर्यंत सोडायला यू-फन गेली होती. बोलायचं म्हणून तिने विचारलं, सहा हजारची मेमरी कशाला लागते?

"शाळांच्या कॉम्प्युटरांना," झान म्हणाले. "वेग वाढवायची ती सेटिंग आम्ही चालू करत नाही. सगळे चार हजार आठशेवरच चालतात."

त्या वर्षी त्यांनी अकरा हजार पट्ट्या नेल्या. एकही तक्रार आली नाही.