रिकाम्या खोलीचे दोन सेकंद

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. उलट एक-दोन गोष्टी गाळल्या आहेत. त्या लिहायला हात धजावत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवार होता, दुपारचे पावणेतीन. बाहेर लख्ख ऊन होतं.

माझा दादा ब्लॅक मेटल वाजवायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काळा. गिटार म्हणजे मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं. ड्रम इतके जलद की मोजता येत नाहीत. आणि त्यावर गाणं नाही, किंकाळी. आई म्हणायची, "मिक्सरमध्ये कुणी खिळे घातलेत का बघ गं जरा."

बँडचं नाव शेवाळ. अकरा वर्षांपूर्वी तिघांनी सुरू केला. गिटारवर दादा, ड्रमवर त्याचा मित्र वायरमन आणि गायला चष्मेवाला. हा चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असायचा. इतकं हळू बोलायचा की गिऱ्हाइकं "काय?" म्हणून दोनदा विचारायची. त्याच्या गळ्यातून तसली किंकाळी निघते यावर माझा कधी विश्वासच बसला नाही.

शेवाळने एकही कार्यक्रम केला नाही. कुठे फोटो नाहीत. एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या तळघरात, जुन्या कॅसेट रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग. मग घरी बसून पन्नास प्रती काढायच्या, प्रत्येकीवर हाताने नंबर घालायचा आणि पोस्टाने पाठवायच्या. परदेशातसुद्धा जायच्या. आवाज मुद्दाम खरखरीत ठेवलेला. ती खरखर त्यांचा जीव की प्राण होती.

आणि त्यांचा एक नियम होता... गाणारा आत एकटा. दिवा बंद. एकदाच गायचं, दुसऱ्यांदा नाही.

मार्चमध्ये चष्मेवाला तिथेच खुर्चीत मेलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय छत्तीस.

अल्बमची सहापैकी पाच गाणी झाली होती. सहावं दादा स्वतः गाणार होता, येत्या एका रविवारी, मित्रासाठी म्हणून. पाचव्याची, गिटार-ड्रमशिवाय नुसत्या गाण्याची कॅसेट त्याने मला दिली.

"नुसती कॉम्प्युटरवर चढव," तो म्हणाला. "साफ करू नकोस हं. तुझा हात शिवशिवतो, मला माहितीये."

माझं कामच ते आहे. मुलाखती, भाषणं, साक्षी यांच्या खराब रेकॉर्डिंगमधला गोंगाट मी काढते. युक्ती साधी आहे. प्रत्येक खोलीची स्वतःची एक गुणगुण असते. कुणी बोलत नसतानाचे दोन सेकंद घ्यायचे आणि यंत्राला सांगायचं, असं जे जे आहे ते सगळं पूस. खोली जाते, माणूस उरतो.

मी साफ करणार नव्हते. पण चष्मेवाल्याच्या आईने फोनवर विचारलं होतं, "त्यात त्याचा आवाज ओळखू येतो का गं?" मला तिची फार दया आली. म्हटलं, तिच्यापुरती एक प्रत स्वच्छ करू.

सुरुवातीचे दोन सेकंद घेतले. चष्मेवाला आत यायच्या आधीचे. रिकामं तळघर.

बटण दाबलं.

खरखर गेली... आणि किंकाळीही गेली.

सगळीच्या सगळी. चार मिनिटांची.

मला वाटलं, माझीच काहीतरी चूक झाली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. यंत्राच्या हिशेबाने ती किंकाळी त्या खोलीचीच होती. कुणी आत यायच्या आधीपासून तिथे होती.

मी हेडफोन काढणार तेवढ्यात... कुणीतरी बोललं.

चष्मेवाला. त्याचा तो दुकानातला, हळू आवाज.

"झालं ना आता? मला उठू दे."

मग बराच वेळ काही नाही. मग...

"बरं. बसतो."

आणि मग आठवलं, आज रविवार. दादा आत्ता तिथेच गेलाय.

त्याचा फोन बंद होता. लॉन्ड्री आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. मी चपला न घालता धावले.

वायरमन तळघराच्या जिन्यावर शेंगदाणे खात बसला होता.

"थांब ना, टेक चालू आहे," तो म्हणाला. "काय गातोय गं! चष्मेवाल्याच्या वरताण."

दारामागून किंकाळी येत होती. मी दार ढकललं. जिन्यावरचा उजेड आत पडला.

दादा खुर्चीत बसला होता. मांडीवर हात. माझ्याकडेच बघत होता.

किंकाळी चालू होती...

आणि त्याचं तोंड बंद होतं.

मी त्याची कॉलर धरून त्याला ओढलं. कसं ओढलं ते मला सांगता येणार नाही, तो माझ्या दुप्पट आहे. दार आपटलं. आम्ही तिघं जिना चढून उन्हात आलो, तेव्हा खालचा आवाज थांबला. वायरमनच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी तशीच होती. तो त्या दिवसानंतर आमच्याकडे आलेला नाही.

दादा मात्र चिडला. "टेक वाया घालवलास. मीच ओरडत होतो की!"

मी त्याला ती साफ केलेली प्रत ऐकवली. त्याने हेडफोन काढून ठेवले. मग म्हणाला, "तुझं यंत्र चुकलंय. लाव पैज."

त्याने माझ्या माइकवर वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचला. अर्धं मिनिट, साधा, रोजचा आवाज. "आता यातून तळघराचे ते दोन सेकंद वजा कर. मी उरलो तर रविवारी जाऊन गाणं पुरं करणार. नाही उरलो तर किल्ली तुझी."

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, "केलंस?"

"केलं," मी म्हटलं.

"मग?"

"काही नाही उरलं, दादा."

त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. हात धुतले आणि खोलीत गेला.

याला आता सात आठवडे झाले. दादा कामावर जातो, जेवतो, आईची औषधं आणतो. पण तोंडातून एक शब्द काढत नाही. काही हवं असेल तर चिठ्ठी लिहितो. आईला वाटतं, मित्राचं दुःख आहे. ती रोज त्याच्या दाराशी उभी राहून म्हणते, "एकदा नुसती हाक मार रे मला."

मी खोटं बोलले होते. ते बटण मी दाबलंच नव्हतं.

आता दाबलं आणि त्याचा आवाज उरला, तर मला त्याला तसं सांगता येईल. तो बोलायला लागेल. आणि येत्या रविवारी तो परत खाली जाईल, हेही मला माहीत आहे.

पण मी थांबलेय ते त्यामुळे नाही. रोज सकाळी मी ती फाइल उघडते, बटणावर बोट ठेवते आणि मला वाटतं... मी खोटं बोललेच नसले तर?