सपाटीची वाट

अर्धा चढ चढून झाला आणि धांदल नावाची ती घोडी जागच्या जागी थिजली. मागचा डावा पाय काठीसारखा ताठ, मागे ताणलेला... काही केल्या वाकेना. वरून भुरभुर पाऊस, खाली निसरडा रस्ता आणि मागे खोळंबलेली एक जुनाट गाडी. पागेवाल्याची लेक पाठीवरून केव्हाच उतरली होती आणि लगाम धरून घोडीच्या नाकदुऱ्या काढत होती.

"चल ना गं... चारचौघांत असं काय करतेस?"

गाडीचं दार वाजलं. उंच, किडकिडीत तरुण, डोक्यावर छत्री नाही की टोपी नाही.

"पुढे ओढू नका. मागे ढकला तिला."

"तुम्हाला घोड्यांतलं कळतं?"

"जनावरांचा डॉक्टर आहे. कळत नसेल तर पंचाईतच आहे!"

त्याने धांदलच्या छातीवर तळवा टेकवला, दुसऱ्या हाताने लगाम धरला. घोडी एक पाऊल मागे सरली, 'कट्' असा आवाज झाला आणि पाय सुटला. मुलीने सुटकेचा निःश्वास टाकला, तेव्हा तिच्या लक्षात आलं — लगामावर त्याचा हात तिच्या हातावरच होता. त्याच्याही लक्षात आलं. काढून घ्यायची घाई मात्र कुणीच केली नाही.

"गुडघ्याची वाटी अडकते तिची," तो जरा घाईने म्हणाला. "पोरसवदा घोडी, उंची वाढलीय, मांडीत अजून ताकद नाही. बांधून ठेवू नका, उलट रोज चालवा. चढावर, सरळ. पाठीवर बसायचं नाही. गोल गोल फिरवायचं नाही. आणि उडी तर..."

"नाहीच. कळलं."

"मी येऊन बघत जाईन."

"घोडीला?"

तो ओल्या केसांतून हात फिरवत हसला.

धांदल तिच्या हातावर वाढली होती. जन्मतःच आई गेलेलं ते शिंगरू तिने बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. घरी आता ती आणि बाबा दोघंच. बाबा मुलांना घोड्यावर बसायला शिकवत; पण मुलं कमी होत चालली होती आणि बाबांचं बोलणंही.

"वसंतापर्यंत बघू," ते एवढंच म्हणाले. "मला मुलांना बसवायला घोडे लागतात, बाळ. नुसतं बघायला नाही परवडत."

मग रोजचं चालणं सुरू झालं. खूर नीट तासून घेतले, दिवसभर मोकळ्या कुरणात सोडायचं ठरलं. संध्याकाळी डॉक्टर यायचा. मध्ये घोडी, दोन बाजूंना ही दोघं. आभाळ कायम मळकट, झाडं निष्पर्ण. तरी त्या चढावर तिला हल्ली थंडी वाजत नसे.

"तुम्ही सगळ्याच पेशंटांना फिरायला नेता का हो?"

"बैलांना विचारून पाहिलं. नाही म्हणाले."

ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी, तिचं तिलाच नवल वाटलं.

वाटी अडकायची थांबली. पण सांध्यावर सूज आली, आणि ती काही उतरेना. डॉक्टरने यंत्र आणून पायाचा एक्स-रे काढला. त्यानंतर तो चढाकडे वळेचना. "आज नदीकडून जाऊ." दुसऱ्या दिवशीही तेच. सपाटीची वाट लांबची होती, गप्पांना वेळ मिळायचा. तिने मनाशी काय ते ओळखलं आणि गुपचूप लाजली.

आठवडा गेला. नदीकाठी तो एकदम थांबला.

"एक सांगायचंय... एक्स-रे त्याच दिवशी बघितला होता मी. सांध्यातली कूर्चा, हाडावरची मऊ गादी, उचकटलीय. मोठ्या दवाखान्यातही विचारलं. ऑपरेशन करूनही पाठीवर माणूस पेलायची नाही ती. कधीच."

ती घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली.

"आठवडाभर? आणि रोज हसत होतात माझ्याशी?"

"सांगितलं की हे चालणं संपणार होतं..." त्याचा आवाज खाली गेला. "तिला त्रास नको म्हणून सपाटीवरून आणत होतो. बाकी सगळा स्वार्थच."

"मला वाटलं..." तिचे डोळे भरून आले. "मला काय वाटलं, ते जाऊ दे."

ती घोडी घेऊन निघून गेली. तो मागून आला नाही.

बाबांना तिने जेवताना सांगितलं. ते ताटावरून उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "तुझ्या हातची आहे. कुठे द्यायची ते तूच ठरव."

तीन-चार दिवसांनी डॉक्टर दारात उभा. हातात काही नाही, चेहरा उतरलेला.

"माझ्या मावशीचं कुरण आहे, डोंगरापलीकडे. दोन म्हाताऱ्या घोड्या आहेत. धांदलला सोबत होईल. कुणी पाठीवर बसणार नाही... तुम्ही माझ्याशी नाही बोललात तरी चालेल."

धांदलला ट्रकमध्ये चढवून दोघं निघाली. खरंच, वाटभर ती बोलली नाही. ट्रकच्या मागच्या भागातून टापांचा आवाज येत राहिला.

कुरणावर धुकं उतरलं होतं. मावशीने फाटक उघडलं. धांदल क्षणभर थबकली, नाक फेंदारलं, आणि किंचित लंगडत त्या म्हाताऱ्या घोड्यांकडे चालू लागली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

तेव्हा मात्र पागेवाल्याच्या लेकीचा बांध फुटला. डॉक्टर हातभर अंतरावर उभा होता. जवळ यायचं धाडस त्याला होईना. शेवटी तीच सरकली आणि तिने त्याच्या ओल्या कोटावर कपाळ टेकवलं.

"रागावलेय मी अजून."

"माहीत आहे."

"यापुढे वाईट असेल ते आधी सांगायचं."

"सांगेन. आणि... चांगलं असेल ते?"

"ते मीच सांगते." तिने डोळे पुसले नाहीत. "तू हवा आहेस मला. पण आज मला आनंद होणार नाही रे. जमेल तुला?"

त्याने तिचे गार पडलेले हात आपल्या हातांत घेतले.

"जमेल," तो म्हणाला. "आज नुसतं उभं राहू."

धुक्यात तिन्ही घोड्या दिसेनाशा होईपर्यंत दोघं तिथेच उभी होती.