डावीकडे झुकणारी रेष

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे ज्याच्यासोबत घडलं तो राजरत्न माझा सख्खा मावसभाऊ. इतकी वर्षं झाली, पण हे सांगताना तो अजून दाराकडे पाठ करून बसत नाही.

१९९९ चा मे महिना. सांगली. भर दुपार.

भुतं फक्त रात्री येतात असं म्हणणाऱ्यांनी तर हे जरूर ऐकावं.

राजरत्नचं लग्नाच्या कॅसेटच्या मिक्सिंगचं दुकान होतं. नव्या कॉम्प्युटरवर तो एक नवं काम शिकला होता. चित्रातला एखादा ठिपका धरून द्यायचा. कॅमेरा कितीही हलला तरी कॉम्प्युटर तो ठिपका सोडत नाही. तो कसा कसा सरकला, त्याची रेषही काढून दाखवतो. मग त्या ठिपक्यावर फूल लावा नाहीतर नाव लावा, ते तिथलंच वाटतं.

त्या दुपारी वीरधवल आला. शाळेपासूनचा जिवाभावाचा दोस्त. कडेगावजवळच्या वाडीवर त्याचा ऊस.

"राजा, माझ्या लग्नाची वरात हाय ह्या कॅसेटीत. मागं पोराचं बारसं. वरातीत वेशीच्या कमानीवर माझं न् रेश्माचं नाव चमकव. बारशात पाळण्याच्या कडीवर चांदणी. लय भारी झालं पायजे गड्या."

राजरत्नचा हात क्षणभर थांबला.

दीड वर्षापूर्वी त्याच लग्नाचं शूटिंग करायला राजरत्नचा धाकटा भाऊ मिलिंद गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला… वाडीबाहेरच्या बिनकठड्याच्या विहिरीत.

मिलिंदचा डावा पाय पोलिओनं अधू. म्हणून राजरत्ननं आधीच बजावलं होतं, "रातचं त्याला चालत सोडू नकोस." त्यावर वीरधवल म्हणाला होता, "माझा भाऊ न्हाई व्हय त्यो? जीपनं कडेगावला दारात सोडतो."

आणि नंतर सांगितलं होतं, "मिलिंद कॅमेरा ठिवून सांजचंच निघाला. जीप काढतो म्हनलं, तर ऐकलंच न्हाई. वरातीचं शूटिंग माज्या चुलतभावानं केलं."

वीरधवलनं खांदा दिला. चंद्राबाईंजवळ, म्हणजे माझ्या मावशीजवळ, मिलिंदच्या आईजवळ, तो दिवसदिवस बसला. तेव्हापासून त्या माउलीचं एकच पालुपद. "लय हट्टी माझं पोरगं. जीप सोडून चालत आलं, न् मला सोडून गेलं." मेलेल्या लेकावर ती अजून रागावलेली होती.

राजरत्ननं वरात लावली. कमानीचा एक दगड धरून दिला. दगड काही हलत नाही. हलतो तो कॅमेरा धरणाऱ्याचा हात.

रेष उमटू लागली.

सरळ… मग डावीकडे झोल. सरळ… मग डावीकडे झोल.

ही चाल राजरत्नच्या ओळखीची होती. त्यानं मिलिंदनं काढलेली वस्तीतली एक जुनी जयंतीची मिरवणूक लावली.

तीच रेष. तोच झोल. त्यानं वरातीची कॅसेट पुन्हा लावली.

"वीऱ्या, वरातीचं शूटिंग कुनी केलं रं?"

"चुलतभावानंच की."

"ही चाल त्याची न्हाई. माज्या भावाची हाय."

 

"शेवटपातूर त्योच व्हता," वीरधवल खाली बघत म्हणाला. "जीपमधी जागा व्हती, राजा. पर पावनं कुरकुरलं, जात काढली… ह्याच्या शेजारी कोन बसनार म्हनून. आन् मी गप बसलो. तवा त्योच म्हनला, असू दे, जातो मी चालत. कॅमेरा माज्या हातात दिला, न् गेला."

राजरत्नला काही दिसेना. ज्या माणसाला त्यानं भाऊ मानलं, तो दीड वर्षं त्याच्या आईच्या शेजारी बसून मिलिंदलाच हट्टी ठरवत होता! विहिरीपेक्षा हे जास्त खोल होतं.

इतक्यात स्क्रीनवर काहीतरी हललं.

कॅसेट पुढे सरकून बारसं लागलं होतं. कॉम्प्युटरनं आढ्याला पक्की असलेली पाळण्याची कडी आपोआप धरली होती.

"हे कुनी काढलं?"

"कुनी न्हाई. स्टँडवर लावून ठेवला व्हता कॅमेरा. समदे पाळन्यापाशी व्हतो."

मग रेष सपाट असायला हवी होती.

सरळ… मग डावीकडे झोल.

बायकांच्या पाळण्याच्या गाण्याखालून आणखी एक आवाज येत होता. टक… घस्स. टक… घस्स.

मिलिंदच्या जाड तळाच्या चपलेचा.

कडी मोठी होत चालली. कॅमेरा पुढे येत होता. पाळण्याच्या बाजूनं हळूच वळला… आणि हसणाऱ्या वीरधवलच्या तोंडापाशी येऊन थांबला.

रेष सपाट झाली.

वीरधवल ताडकन उठला. कॅसेट तिथंच टाकून बाहेर पळाला. राजरत्न खिडकीशी गेला. समोर जीप उभी होती, रिकामी. वीरधवल उजवीकडून चढला, चावी फिरवली.

आणि मग…

जीप डावीकडे दबली. शेजारी कुणीतरी बसावं तशी.

वीरधवलनं त्या सीटकडे पाहिलं. राजरत्ननं त्याचा तो चेहरा पाहिला, आणि त्याला हाक मारली नाही.

जीप वाडीवर सुखरूप पोचली. महिन्याभरात वीरधवलनं ती विकली. एका बाजूला ओढते म्हणाला. त्यानंतर तो सांगलीत कधी आला नाही, आणि त्यानं कुणाला शेजारी बसवून गाडीही चालवली नाही.

त्याच संध्याकाळी राजरत्न कडेगावला गेला. आईला सगळं सांगितलं. 

"म्हंजी हट्टी नव्हतं माझं लेकरू," चंद्राबाई एवढंच बोलल्या, आणि दीड वर्षात पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या.

ती कॅसेट अजून राजरत्नकडे आहे. मी एकदाच पाहिली. मी पाहिलं तेव्हा बारशातला कॅमेरा वीरधवलपाशी थांबला नव्हता. तो दाराकडे वळला होता… वाडीच्या घराच्या नाही, आम्ही बसलो होतो त्या राजरत्नच्या दुकानाच्या दाराकडे, आणि टक… घस्स आमच्या दिशेनं येत होतं.